हरसूलच्या व्हॅनमधले तज्ज्ञ

रोज सकाळी नाशिकहून हरसूलकडे आणि संध्याकाळी परत. हे अप-डाउन वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक कंबरदुखी आणि दुसरे किस्से. कंबरदुखीवर डॉक्टर गोळ्या देतात. किश्श्यांवर गोळी नाही, ते कुणाला तरी सांगूनच मोकळं व्हावं लागतं!

आमच्या व्हॅनमध्ये आम्ही चार शिक्षक. विज्ञानाचे गांगुर्डे सर पुढे ड्रायव्हरशेजारी, कारण चार्जर तिथे आहे. मधल्या सीटवर खिडकीशी मराठीचे निकम सर, रिटायरमेंटला दोन वर्षं. त्यांच्या शेजारी मी, गणिताची अहिरे मॅडम. मागे पवार मॅडम, पहिली-दुसरीच्या. सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. गाडी गिरणाऱ्याच्या पोपटभाऊंची.

गांगुर्डे सर मोबाइलवरच्या बातम्या मोठ्यानं वाचतात. निकम सर त्यांच्यावर चिडतात. मी माझं मत देते, जे कुणी मागितलेलं नसतं. वाघेऱ्याच्या घाटात रेंज गेली की बातम्या संपतात. वाद मात्र शाळेच्या गेटपर्यंत चालतो.

*

काही वर्षांपूर्वी ती बातमी आली होती बघा, दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असंही म्हणायचं. त्रेसष्ट म्हणजे साठ तीन.

गांगुर्डे सर खूश. "बरोबरच आहे! पोरं ‘पंचवीस’ ऐकतात. आधी पाच ऐकू येतो, म्हणून आधी पाच लिहितात आणि बावन्न करून मोकळी होतात!"

निकम सर असे उसळले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "अहो, ‘सत्तावन्न’ म्हणताना तोंड कसं भरतं! ‘पन्नास सात’ म्हणजे काय, एसटीचा नंबर आहे? मराठी माणसाच्या तोंडात मराठीच आकडे पाहिजेत. एकोणसाठ! एकोणऐंशी! एकोणनव्वद! काय ऐट आहे एकेकाची!"

गिरणारं येईपर्यंत ते थांबले नाहीत. मलाही थोडं पटायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरी गॅस सिलिंडर आला होता. दारात उभा असलेला माणूस ओटीपी मागत होता, आणि ओटीपी आला होता सरांच्या मोबाइलवर.

सरांनी चष्मा वर सरकवला, मेसेज उघडला आणि खणखणीत आवाजात सांगितला, "हं, घ्या. एट... सिक्स... नाईन... थ्री."



पोपटभाऊंनी आरशातून मागे बघितलं. "काय सर, मराठीचा सिलिंडर संपला का?"

*

मग हजेरीचं अ‍ॅप आलं.

शाळेच्या आवारात उभं राहायचं, स्वतःचा फोटो काढायचा, तो वर गेला की तुम्ही हजर. गांगुर्डे सरांनी तर ट्रेनिंगमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या. अडचण एवढीच, की आमच्या शाळेत रेंज नाही. रेंज मिळते मागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे चढून गेलं की अ‍ॅप सांगायचं, ‘आपण शाळेच्या बाहेर आहात.’ खाली आलं की ‘नेटवर्क उपलब्ध नाही.’

म्हणजे शाळेत असलो की कळवता येत नव्हतं, आणि कळवता येत होतं तिथे आम्ही शाळेत नव्हतो!

आठवडाभर आम्ही चौघं रोज शाळेत जाऊन गैरहजर राहिलो. शनिवारी खुलासा मागणारी नोटीस आली. आम्हा तिघांचं ठीक होतं, पण पवार मॅडमची नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. परतीच्या वाटेवर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. निकम सरांनी चिक्की पुढे केली, तीही त्यांनी हातात तशीच धरून ठेवली.

सोमवारी चौकशीला तालुक्याहून साहेब आले. हेडमास्तरांच्या खोलीत बसले, आम्हाला रांगेत उभं केलं. "तंत्रज्ञानाला नावं ठेवायची नाहीत," म्हणाले. "मी स्वतः रोज वापरतो. माझीसुद्धा भेट यातच नोंदवावी लागते. हे बघा."

त्यांनी फोन काढला. बघितलं. मग खिडकीशी गेले. मग व्हरांड्यात. मग झेंड्याच्या चौथऱ्यावर चढून फोन डोक्याच्या वर धरला. सातवीची पोरं वर्गातून माना काढून बघत होती. पाच मिनिटांनी साहेब खाली उतरले. नोंदीची वेळ संपून स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं होतं, ‘आपण नियोजित स्थळी पोहोचलेला नाहीत.’

पवार मॅडमनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, टाकीपाशी रेंज आहे. पण तिथे गेलात तर तुम्ही शाळेत आलाच नाहीत असं होईल."

साहेबांनी पाणी संपवलं. कपाटातलं जुनं हजेरीपत्रक मागवलं. त्यात आठवड्याच्या आमच्या सह्या होत्याच. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘सर्व शिक्षक हजर.’ सही केली. थोडा विचार केला, आणि सहीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘मीसुद्धा.’

*

हा एक छोटासा.

डिजिटल शाळा योजनेत आम्हाला एक मोठ्ठा टीव्ही मिळाला. भिंतीवर लावला, नारळ फोडला. त्यानंतर महिनाभर शाळेत वीज नव्हती.

आणि नेमक्या त्याच महिन्यात पाहणीला एक बाई आल्या. दुसरीच्या वर्गात जाऊन प्रेमानं विचारलं, "मग, टीव्हीवर काय काय दिसतं?"

पहिल्या बाकावरची चिमुरडी उभी राहिली. "आमी दिसतो."

"म्हणजे? तुमचा कार्यक्रम झाला होता का?"

"नाय. त्याच्यात बघून आमी केसांच्या येण्या घालतो."

*

‘आता शिक्षकांची गरज उरणार नाही. एआय शिकवणार.’ गांगुर्डे सरांनी ही बातमी वाचली, तेव्हा त्यांचासुद्धा आवाज जरा बारीक झाला होता.

"माझी गरज दोन वर्षांनी तशीही संपतेय," निकम सर म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

मी हसले, पण मनात हिशोब केला. माझी बारा वर्षं आहेत अजून. आणि लोकांना वाटतं गणित म्हणजे नुसती उत्तरं. उत्तर काढायला मशीन असेल तर बाई कशाला?

त्यात गांगुर्डे सरांनी मला मदत म्हणून नववीच्या घटक चाचणीचा पेपरच एआयकडून काढून आणला. "बघा मॅडम, नुसतं नाशिक सांगितलं, तर त्यानं द्राक्षं टाकली!"

खरंच टाकली होती. ‘चार मजूर एका द्राक्षबागेची विरळणी सहा दिवसांत करतात, तर आठ मजूर तेच काम किती दिवसांत करतील?’

सगळ्या वर्गानं लिहिलं तीन. कमल गावितनं लिहिलं सहा. कमल माझी हुशार मुलगी. मी तिला बोलावलं.

"कमल, मजूर दुप्पट झाले ना?"

"व्हय मॅडम."

"मग दिवस?"

"सहाच." तिला माझीच कीव आल्यासारखं दिसलं. "मॅडम, मुकादम इतके जण एका बागेत ठेवंल का? आमच्यातली चार माणसं उचलतो नि दुसऱ्या बागेत टाकतो."

आमच्यातली! दर हंगामात तिचे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात. सुट्टीत तीही जाते. घडातले जादा मणी छाटायची कात्री धरून धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

तिला मी पूर्ण मार्क दिले. तीनवाल्यांनाही दिले. आणि पुढचा सगळा तास ‘गणितात आपण काय काय धरून चालतो’ यावर गेला. हात वर करणाऱ्या पोरांना आवरता आवरेना. एवढा चांगला तास मी वर्षात घेतला नव्हता.

संध्याकाळी गाडीत हे सांगितलं. रेंज आल्याबरोबर गांगुर्डे सरांनी एआयला टाइप केलं, ‘उत्तर सहा आहे, कारण मुकादम माणसं हलवतो.’ लगेच उत्तर आलं, ‘आपण अगदी बरोबर आहात! योग्य उत्तर सहा आहे.’ मग सरांनी मुद्दाम टाइप केलं, ‘नाही, तीनच आहे.’ पुन्हा आलं, ‘आपण अगदी बरोबर आहात! योग्य उत्तर तीन आहे.’

निकम सर सीटवर सावरून बसले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "अहिरे मॅडम, निवांत राहा! हा शिक्षकांच्या जागेवर येणारच नाही. हा साहेबांच्या मीटिंगमध्ये मान डोलावणाऱ्यांच्या जागेवर येणार!"

*

माझ्या सासूबाई देवळ्याला असतात. वय शहात्तर, बोलणं पक्कं अहिराणी. आमच्या ह्यांनी त्यांना दिवाळीत नवा फोन दिला आणि शिकवलं, "आई, याच्याशी नुसतं बोल. जे विचारशील ते सांगतो."

सासूबाईंनी फोन तोंडाशी धरला, ओट्यावर टाकलेल्या पापडांकडे बघितलं आणि विचारलं, आज पाऊस येणार का. अहिराणीत विचारलं.

फोन म्हणाला, ‘माफ करा, मला समजलं नाही.’

त्यांनी पुन्हा विचारलं, जरा ओरडून. ‘माफ करा, मला समजलं नाही.’

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी घाईघाईनं पुढे झाले. वाटलं, आता फोन अंगणात जातो! पण सासूबाई फोनकडे कौतुकानं बघत होत्या.

"याले काय बी समजत नही," त्या म्हणाल्या, "पन माफी तरी मांगस. मना पोऱ्याले तेबी येत नही!"

*

एका सकाळी बातमी होती, की दहावीच्या गणितात पासापुरते मार्क नसले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यायचं, अशी चर्चा चाललीय. ठरलेलं काहीच नव्हतं. पण मी पेटले.

"म्हणजे आम्ही घसा फोडायचा कशाला? उद्या म्हणाल, स्टिअरिंग धरता आलं की द्या लायसन्स! नापास म्हणजे नापास!"

पोपटभाऊंनी इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. गिरणाऱ्याच्या टोमॅटो मार्केटसमोर. मला वाटलं, टायर बसला.

"मॅडम," मागे न वळता ते म्हणाले, "मी गणितात सहा मार्कांनी गेलो. बाकी सगळ्यात पास. परत बसलो, तवा चार मार्कांनी गेलो. मला आयटीआयला डिझेल मेकॅनिक करायचं व्हतं. वडील बोलले, लय झालं, ट्रॅक्टर धर."

त्यांनी गाडी पुन्हा चालू केली. रोज आम्हाला सुखरूप नेणाऱ्या माणसाला मी काय ऐकवलं होतं! शाळेशी उतरल्यावर बाकीचे पुढे गेले, मी दाराशी थांबले.

"पोपटभाऊ, अडायचं कुठं?"

"भूमितीत. ते प्रमेय. सिद्ध करा म्हणतात. अरे, दिसतंय ना डोळ्यांला, मग सिद्ध काय करायचं?"

"बसता का परत?"

"मी? पोरगी सातवीला हाय माझी!"

पण त्या वर्षी त्यांनी बाहेरून बसायचा फॉर्म भरला. विषय सगळेच द्यावे लागणार होते, ते आम्ही वाटून घेतले. आम्ही शिकवत असताना एरवी ते गाडीतच झोपून असायचे. त्या वर्षी दहावीच्या शेवटच्या बाकावर बसले. पोरांनी दोन दिवस खिदळून घेतलं, तिसऱ्या दिवशी एकानं त्यांच्याकडे कंपास मागितला आणि विषय संपला. गाडीतसुद्धा अभ्यास चालायचा. फक्त निकम सरांचा एक नियम होता, "प्रमेय घाटात नको! घाटात कविता चालेल."

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता गांगुर्डे सरांनी नंबर टाकला. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला, गाडीबाहेर. पोपटभाऊ टायरकडे बघत उभे होते.

"गणित..." गांगुर्डे सरांनी मुद्दाम वेळ लावला. "एक्केचाळीस! सगळ्यात पास!"

पोपटभाऊंनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि किती तरी वेळ तसेच उभे राहिले. पवार मॅडमनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

परत निघालो. बऱ्याच वेळानं पोपटभाऊंनी विचारलं, "मॅडम, ते गणिताचे मार्क कमी करणार व्हते, त्याचं काय झालं?"

"अजून काही ठरलं नाही."

"नको म्हणावं," ते म्हणाले. "आमी काय उगाच घासली का?"

*

आता गेल्या वर्षीच्या दहावीचं सांगते.

गणिताचा पेपर होता. आमच्या मुलांचं केंद्र हरसूल गावात, दुसऱ्या शाळेत. गणिताच्या पेपराला गणिताच्या शिक्षकानं केंद्रात जायचं नाही, असा नियम. म्हणून मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. दहावीचे वर्गशिक्षक म्हणून निकम सर माझ्याबरोबर. गांगुर्डे सर आत सुपरव्हिजनला.

त्या वर्षी कॉपी पकडायला ड्रोन आला होता. तो उडवणारा विलास, नाशिकचा फोटोग्राफर, रिमोट घेऊन टपरीशेजारीच उभा होता. एरवी तो प्री-वेडिंगचं शूटिंग करतो. निकम सरांचं सकाळपासून चालू होतं, "पोरं गणित सोडवणार, आणि डोक्यावर हा भुंगा! पोरांवर विश्वास नाही, म्हणून हे यंत्र. निषेध आहे माझा!"

साडेदहाला मुलं आत गेली. निकम सर गेटवर मोजत होते. ते परत आले तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. "सविता आली नाही."

सविता भोये. वर्गात पाच वाक्यंही न बोलणारी, पण गणितात पक्की. तिचा पाडा खाली दरीकडे. सकाळच्या एसटीनं येणार होती. चौकशी केली, तर ती एसटी आलीच नव्हती. तिच्या वडिलांचा फोन लागेना. अकराला गेट बंद होणार.

पोपटभाऊंनी गाडी चालू केली. "सर, कोणत्या अंगानं जाऊ? सडकेनं का नदीच्या वाटेनं?"

कुणालाच माहीत नव्हतं. चुकीच्या वाटेनं गेलं की संपलं. घड्याळात दहा एकोणचाळीस.

निकम सर तरातरा विलासपाशी गेले. "तुमचं हे किती लांब जातं?"

"जाईल दोन-अडीच किलोमीटर. पण सर, मला फक्त शाळेवर फिरवायला सांगितलंय."

"अहो, फिरवा की!" निकम सर ओरडले. "टेक्नॉलॉजी असते कशासाठी मग?"



ड्रोन वळला. आम्ही तिघं त्या छोट्या स्क्रीनवर वाकलो. सडक रिकामी. एक बैलगाडी, दोन म्हशी. मग नदीची वाट. वाळलेली भातखाचरं, मोहाची झाडं. आणि एक निळा ठिपका. निळा-पांढरा. गणवेश! चपला हातात घेऊन पळत होती.

"सविता!" निकम सर स्क्रीनला म्हणाले.

मी पोपटभाऊंना हात केला, "नदीची वाट! मोहाच्या झाडांपाशी!" गाडी धुरळा उडवत गेली. तेवढ्यात सवितानं वर बघितलं, आणि घाबरून झाडाखाली लपली.

"अगं लपू नको! बाहेर ये!" निकम सर स्क्रीनवर बोट आपटायला लागले. विलासनं त्यांचा हात बाजूला केला. "सर, थांबा. नवरा-नवरीला पुढं चालवायची सवय आहे मला." त्यानं ड्रोन तिच्या मागच्या बाजूला नेला आणि हळूहळू खाली आणला. घूं घूं आवाज जवळ आला तशी सविता झाडाखालून निघाली आणि जीव खाऊन पळत सुटली. सरळ पुढे. सरळ पोपटभाऊंच्या गाडीकडे.

दहा छप्पन्नला ती गेटातून आत गेली. केसांत मोहाची फुलं, हातात चपला, छातीशी हॉलतिकीट. केंद्रसंचालक स्वतः गेटवर उभे होते. त्यांनी तिला पाणी दिलं, नंबर दाखवला आणि मग गेट लावलं.

निकम सर बाकावर बसले आणि माझा चहा पिऊन टाकला.

पेपर सुटल्यावर सविता बाहेर आली. मी पुढे झाले. ती म्हणाली, "सोपा होता." बास, एवढंच. मला तेवढं पुरलं. माझे पाय दोन तासांत पहिल्यांदा जमिनीला टेकले.

आत केंद्रसंचालकांना त्या वर्षी एक नवा तक्ता भरून पाठवायचा होता. ते रुलर लावून रेघ मारणारे सरळ गृहस्थ. खोटं लिहायचं नाही आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. गांगुर्डे सर समोरच बसले होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

‘ड्रोनच्या साहाय्याने पकडलेले विद्यार्थी’ या रकान्यात केंद्रसंचालकांनी लिहिलं, ‘एक’.

आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पळत होती. पकडून वर्गात बसवली.’